वहिनीनं कात्री मागितली

मी कपडे शिवते. दुकान घरापासून दोन गल्ल्यांवर, आणि आत शिरलं की आधी लागतं ते कापायचं टेबल. आमच्या धंद्यात सगळा मान कात्रीला. खडूची रेघ दहादा पुसता येते, पण कात्री फिरली की फिरली, मग रडून उपयोग नाही. म्हणून विणणाऱ्या बायकांकडे मी कायम जरा नाक वर करूनच बघत आले. चुकलं, ओढला धागा, उसवलं, पुन्हा सुरू. ज्यात चुकायची भीतीच नाही ते काम कसलं, असं माझं मत होतं आणि ते मी घरात मोठ्यानं सांगतही असे. कारण घरात माझी वहिनी विणायची.

वहिनी एका लॅबमध्ये रक्त काढते. दिवसभर लोकांच्या दंडाला पट्टा बांधायचा, शीर चाचपायची, "मूठ वळा, आता तिकडं खिडकीकडं बघा" म्हणायचं आणि समोरच्याला कळायच्या आत सुई आत. एकदा तिच्याकडून रक्त दिलेली माणसं पुढच्या वेळी तिलाच शोधत येतात. संध्याकाळी घरी येऊन चहा झाला की ती दुसऱ्या सुया हातात घेते. "हिचा जन्म टोचण्यात जायचा," असं दादा म्हणतो. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, तिचा नवरा. विनोद त्याला रोज एकच सुचतो.

तिची विणकामं एका वेळी तीन चालू असतात. एक पिशवीतलं, म्हणजे जेवणाच्या सुट्टीत किंवा बसच्या रांगेत न बघता विणता येईल असं, टोपी नाहीतर मफलर. दुसरं बैठकीतलं, ते घरच्यांचं. दादाचा बिनबाह्यांचा स्वेटर, वसतिगृहात राहणाऱ्या माझ्या भाचीचे मोजे, कुणाकडं बाळ झालं तर त्याचं दुपटं. तिसरं खिडकीतलं. ते फक्त सुट्टीच्या दिवशी, सकाळच्या उजेडात, डोळे ताजे असताना. ते तिचं स्वतःचं. बैठकीतल्या कामात तुम्ही लुडबुड करा, रंग बदलून मागा, "गळा जरा मोठा हवा होता" म्हणा, ती ऐकून घेते. खिडकीतल्या कामाबद्दल कुणी चकार शब्द काढायचा नाही.

हिवाळा तोंडावर आला की ती जेवताना जाहीर करायची, या वर्षी काय शिकायचं ते. "या वर्षी मोज्याची टाच," ती एकदा म्हणाली आणि दादाला हसता हसता ठसका लागला. पहिली टाच अशी झाली की त्यात बटाटा नीट बसला असता, पाय नाही. तिनं ती उसवली. दुसरी उसवली. लोकर इतक्यांदा उसवून कुरळी झाली, तर तिनं ती भिजवली, खाली चमचा बांधून न्हाणीघरात लटकवली, सरळ केली आणि पुन्हा सुरू. वसंत लागला तेव्हा दादाच्या पायात मोजे होते आणि त्यानं ते उन्हाळाभर काढले नाहीत. त्यानंतरच्या वर्षी जाळीची शाल. मी बोलत होते खोचकच, पण एका रविवारी तिनं अर्धी शाल एका टाक्यापायी उसवली तेव्हा मी तिथंच होते. तो टाका मला दिसतही नव्हता. मी शिवणारी बाई, मला उलट सुलट चांगलं कळतं, तरी दिसत नव्हता. "कुणाला कळणार आहे?" मी म्हटलं. "मला," ती म्हणाली आणि ओढला धागा. चेहऱ्यावर एक रेष हलली नाही. त्या दिवसापासून मी तिला मनातल्या मनात मानायला लागले. तोंडानं मात्र नाही.

मग तिनं ठरवलं कात्रीचं.

कुठल्याशा थंड बेटावरच्या म्हाताऱ्या बायका स्वेटर कसे विणतात ते तिनं मोबाइलवर बघितलं होतं. दोन रंगांची नक्षी, आणि सगळा स्वेटर गोल, नळकांड्यासारखा, सलग विणायचा. पुढं उघडा हवा असेल तर विणून झाल्यावर मधोमध कापायचा. हो, कापायचा. विणलेलं, जिवंत टाक्यांचं कापड, कात्रीनं, गळ्यापासून खालपर्यंत. "आता आलीस माझ्या रस्त्याला," मी तिला म्हटलं. निळ्यावर पांढरी नक्षी तिनं दोन हिवाळे विणली. असा देखणा स्वेटर मी दुकानात आलेल्या कुठल्याच बाईच्या अंगावर बघितला नाही. झाला, धुतला, सुकवला, आणि घडी करून कपाटात ठेवला. कापला नाही.

"कधी कापणार?"

"कापू की. घाई काय आहे?"

लोकांच्या दंडात दिवसभर सुया खुपसणारी ही बाई, आणि लोकरीवर कात्री धरायला धजत नव्हती. मी सोडते का? येता जाता चिडवायची. "वहिनी, नळकांडं घालून लॅबला जा. वरून आत शिर." ती हसायची आणि विषय बदलायची.

त्याच वर्षी, थंडी सुरू व्हायच्या आधी, बाबांना अर्धांगवायूचा झटका आला.

आमचे बाबा लिफ्ट मेकॅनिक. निवृत्त झाले तरी चालीत, बोलण्यात मेकॅनिकच. उंच इमारतींच्या अंधाऱ्या पोकळीत दोरांना लटकून काम करण्यात त्यांचं आयुष्य गेलं, आणि तिथं बारा महिने गारठा. त्यांच्या अंगात एक तपकिरी स्वेटर कायम असायचा, गोल गळ्याचा, डोक्यावरून घालायचा. वहिनीनं लग्नानंतर लगेचच विणलेला. तेव्हा तिला विशेष येत नव्हतं, त्यामुळे उजवी बाही बोटभर लांब झाली होती. बाबा कामावरच्या लोकांना सांगायचे, "उजव्या हाताला काम जास्त, तो पुढं जातो, म्हणून सूनबाईनं आधीच सोय केलीय." ग्रीसचा एक डाग कोपरावर असा बसला होता की तो आता नक्षीच वाटायचा.

झटक्यानं डावा हात गेला. पाय वाचला, म्हणजे काठीनं, हळू, पण चालता येत होतं. बोलणं जरा जड झालं आणि मग सुधारलं. हात मात्र खांद्यापासून लोंबायचा. त्या हाताबद्दल बाबा एक शब्द बोलायचे नाहीत. कुणी खोलीत आलं की उजव्या हातानं तो उचलून पांघरुणाखाली सारायचे. दादानं एकदा तेल लावायला तो हातात घेतला तर बाबांनी मान भिंतीकडं वळवली, आणि तेलाची बाटली तशीच परत गेली.

व्यायाम शिकवायला एक फिजिओवाली मुलगी यायची. तिनं आम्हा तिघांना स्वयंपाकघरात घेऊन दार लोटून सांगितलं. "हे रोज उठले पाहिजेत. घरात फिरले पाहिजेत, खाली अंगणात गेले पाहिजेत. हा हिवाळा जर बिछान्यात गेला ना, तर पाय पण आखडेल. मग चाकाची खुर्ची. मी घाबरवत नाहीये, खरं तेच सांगतेय."

बाबा उठायला तयार होते. पहिले काही दिवस उठलेही. मग थंडी पडली आणि त्यांनी स्वेटर मागितला.

तो प्रकार मी विसरणार नाही. दादा घालायला गेला. डावी बाही कशीबशी चढली, मग डोकं आत गेलं आणि तिथंच अडकलं. उजवा हात आत, डावा मेल्यासारखा, तोंडावर लोकर. दादा घाबरून एकीकडं ओढतोय, मी दुसरीकडं. आतून बाबांचा आवाज आला, "सोडा! सोडा मला!" तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. वहिनीनं आम्हा दोघांना बाजूला केलं आणि हळूच स्वेटर वर काढून घेतला. बाबांचे केस उभे राहिले होते आणि डोळे लाल झाले होते. ते आडवे झाले, पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलं, आणि त्या दिवसापासून खोलीबाहेर आले नाहीत.

आम्ही काय काय करून बघितलं. मी पुढून उघडं, आत कापूस घातलेलं जाकीट शिवलं. वहिनीनं बैठकीतलं सगळं बाजूला ठेवून गडद तपकिरी लोकरीचा बटणांचा स्वेटर विणला, आणि असा भरभर की तिची बोटं सुजली. बाबांनी दोन्हीकडं बघितलं. "आजाऱ्याचे कपडे," ते म्हणाले. जाकीट आणि स्वेटर बिछान्याच्या पायथ्याशी घडी घातलेले राहिले. दादानं समजावलं, मग आवाज चढवला, मग स्वतःच गॅलरीत जाऊन डोळे पुसून आला. फिजिओवाली दर खेपेला बाबांचा पाय वाकवून बघायची आणि दर खेपेला तिच्या कपाळावरची आठी वाढायची.

एके दिवशी भर दुपारी वहिनी दुकानात आली. लॅब अर्धी टाकून. टेबलावर तिनं दोन गोष्टी ठेवल्या, बाबांचा जुना तपकिरी स्वेटर आणि तिचा स्वतःचा निळा.

"वन्सं, तुमची कात्री द्या."

मी कात्री कुणाला देत नाही. पण मी आधी तिच्या तोंडाकडं बघितलं आणि मग त्या दोन स्वेटरांकडं, आणि मला कळलं.

"बाबांचा कापणार?"

"मधोमध. पुढं पट्टी विणून बटणं लावीन. मग एका हातानं घालता येईल. त्यांचाच असेल ना तो, आजाऱ्याचा नसेल."

"आणि उसवला तर?"

"म्हणून आधी हा," असं म्हणून तिनं निळा स्वेटर माझ्यासमोर सरकवला.

मी भडकले. दुकानात गिऱ्हाईक होतं तरी भडकले. "वेड लागलंय का तुला? दोन हिवाळे घातलेत तू ह्यात! तालमीला दुसरं काही मिळालं नाही? मफलर काप, टोपी काप, मी जुनं काहीतरी आणून देते."

"मफलर सरळ असतो. गळा, छाती, खालची जाड पट्टी, सगळं एकात कुठं आहे? ह्यातच आहे." तिनं खुर्ची ओढली आणि बसली. "माझा बिघडला तर मी दुसरा विणेन. जीव जळेल, पण विणेन. त्यांचा बिघडला तर ते पुन्हा कशाला हात लावू देतील का? आणि खरं सांगू का, हा मला कापायचाच होता. कपाटात ठेवून ठेवून मलाच लाज वाटायला लागलीय."

गिऱ्हाईक बाई दाराशीच उभी राहिली, तिला आता जायचंच नव्हतं.

कापायच्या आधी मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंनी मशीनची बारीक शिलाई घालावी लागते, म्हणजे टाके तिथं धरून राहतात. ते काम माझं. मी ऐटीत मशीनवर बसले. एवढी वर्षं रेशमापासून गोणपाटापर्यंत सगळं सुईखालून काढलं, लोकरीचं ते काय, असा माझा तोरा. पण विणलेलं कापड ताणतं हे मी विसरले. कापड दाबून धरणारा मशीनचा पाय वरून ओढत गेला, कापड सरकवणारे दात खालून, आणि बिचारा स्वेटर मध्ये लांब होत गेला. शिलाई संपवून मी तो टेबलावर पसरला तेव्हा छातीवर मधोमध झालर आली होती. लहान मुलींच्या फ्रॉकला असते तशी.

वहिनीनं त्या झालरीवरून बोट फिरवलं, वरपासून खालपर्यंत. मग माझ्याकडं हात पुढं केला आणि मी मुकाट्यानं कात्री दिली.

ती गळ्यापासून कापत आली. छातीपर्यंत येऊन थांबली, कात्री खाली ठेवली, तळवे साडीला पुसले आणि पुन्हा उचलली. खालची पट्टी कापून झाली तेव्हा तो स्वेटर दोन पाखे पसरून टेबलावर पडला. तिनं कापलेली कड दोन्ही हातांनी धरून ताणली. जोरात. एकही टाका सुटला नाही.

"धरलं," ती म्हणाली. आणि हसली. झालर तिला दिसतच नव्हती की काय कोण जाणे.

"वहिनी, माझ्यामुळं सगळा विचका झाला गं."

"कड का फुगली तेवढं सांगा."

"पायानं ओढलं. खाली आधार नव्हता."

"आधार कसला देता येईल?"

"पातळ कागद. खाली कागद धरून शिवायचं, शिवून झालं की फाडून टाकायचा."

"मग आधी का नाही धरलात?"

"मला काय स्वप्न पडलं होतं? तुझ्यासारखी वेडी कधी आली होती का दुकानात?"

आम्ही दोघी हसत सुटलो, आणि ती दाराशी उभी असलेली बाईही. वहिनी लॅबला परत गेल्यावर मात्र मी शटर अर्धं ओढून घेतलं आणि पोटभर रडले. तिनं स्वतःच्या सगळ्यात आवडत्या गोष्टीची माती होताना बघितली आणि विचारलं काय, तर कड का फुगली. मी तिच्या जागी असते तर त्या कात्रीनं नणंदेला कापलं असतं.

तिनं निळ्या स्वेटरला घाईनं पट्टी विणून घेतली, बटणं लावली, आणि पुढचा अख्खा रविवार डावा हात ओढणीनं अंगाशी बांधून काढला. चहा केला, भांडी घासली, एक कप फोडला, आणि मध्ये मध्ये स्वेटर घालून बघायची, काढून बघायची. दादा मागं मागं फिरत होता, "अगं, मी करतो ना!" तर त्याला दटावायची, "अहो, तुम्ही मदत केलीत तर मला कळणार कसं?" संध्याकाळपर्यंत तिला बरंच कळलं होतं. बटणं चपटी आणि मोठी हवीत. काजं सैल हवीत. लुळा हात आधी घालायचा, मग पाठीवरून उरलेलं ओढून आणायचं, आणि त्यासाठी गळ्याच्या मागं आतून एक छोटा पट्टा हवा, धरायला.

आता बाबांचा स्वेटर. दादाचं म्हणणं, गुपचूप कापून टाकावा. "विचारलंत तर ते नाही म्हणतील. झाल्यावर समोर ठेवू. मग काय करतील?" मलाही ते पटलं होतं.

"स्वेटर त्यांचा आहे," वहिनी म्हणाली. "आजारी पडल्यापासून त्यांना आपण काही विचारलंय का? आंघोळ कधी, शर्ट कुठला, मीठ किती, सगळं आपणच ठरवतो. हे मी न विचारता करणार नाही. नाही म्हणाले तर नाही."

ती निळा स्वेटर घालून त्यांच्या खोलीत गेली. मी आणि दादा दारात. बाबा उशीला टेकून बसले होते, आणि आम्हाला बघताच डावा हात पांघरुणाखाली गेला.

"बाबा, हा बघा. डोक्यावरून घालायचा होता, मी मधून कापला. आता पुढून उघडतो."

बाबांनी उजवा हात पुढं केला. कापलेली कड बोटांत धरली आणि ओढली. मग आणखी जोरात ओढली, दोर तपासतात तसा झटका देऊन. वहिनी जागेवरून हलली, टाके हलले नाहीत.

"सुटत नाही?"

"नाही. आणि तुमचा तर धुऊन धुऊन इतका घट्ट झालाय, लोकर एकमेकीला धरून बसलीय. तो तर मुळीच सुटणार नाही."

"ही झालर कसली?"

"ती वन्संची कला."

बाबांनी माझ्याकडं बघितलं. किती दिवसांनी त्यांच्या ओठाचा कोपरा हलला. मी नाक फेंदारलं, पण मला काय वाटलं ते मलाच ठाऊक.

"तुमचा कापू का?" वहिनीनं विचारलं. "कापला की परत जोडता यायचा नाही. नको असेल तर नको म्हणा, तसाच ठेवीन."

दादानं तोंड उघडलं तर मी त्याच्या पावलावर पाय दिला.

"शिवून घ्या," बाबा म्हणाले. "कापताना इथं आणा. मी कापणार."

मी त्या स्वेटरवर शिलाई घातली तेव्हा दुकानाचं दार आतून लावलं होतं. खाली पातळ कागद, मशीनचा वेग गोगलगायीचा, आणि दर बोटाला थांबून बघायचं. दोन्ही रेघा सरळ आल्या. कागद फाडून काढला तेव्हा माझ्या पाठीला घाम फुटला होता, आणि बाहेर हाडं गोठवणारी थंडी. चुकायची भीती कशाला म्हणतात, ते म्हणे मी वहिनीला शिकवणार होते.

बाबा खुर्चीत बसले. खास त्यासाठी बिछान्यातून उठून, काठीनं खिडकीपर्यंत चालत येऊन बसले. वहिनी त्यांच्यासमोर जमिनीवर बसली आणि स्वेटर त्यांच्या मांडीवर पसरून दोन्ही हातांनी ताणून धरला. जिथं त्यांचा डावा हात असायला हवा तिथं तिचा हात. माझी मोठी कात्री मी त्यांच्या उजव्या हातात दिली.

"जड आहे," मी म्हटलं.

"मला सांगतेस?" बाबा म्हणाले.

गळ्याची पट्टी पहिल्या दाबात कापली गेली नाही. त्यांनी कात्री काढली, पुन्हा घातली, आणि दाबली. मग सरळ खाली आले. दोन रेघांच्या मधून, इकडं तिकडं केसभर न हलता, वहिनी कापड ताणत खाली सरकतेय आणि ते कापत येतायत. मी इतकी वर्षं कापतेय, पण इतकी सरळ कात्री मी कमी बघितलीय. खालच्या जाड पट्टीला त्यांनी दोनदा जोर लावला, आणि स्वेटर उघडला. दादा दाराला टेकून उभा होता, लहान पोरासारखं तोंड उघडं टाकून.

"झालं," बाबा म्हणाले आणि कात्री मुठीकडून माझ्याकडं केली, जशी द्यायची असते तशी.

पुढच्या पट्टीला जुळणारी लोकर आता कुठं मिळणार? वहिनीनं पायथ्याशी पडलेला तो गडद तपकिरी, नवाकोरा, बोटं सुजवून विणलेला स्वेटर उचलला आणि त्यांच्यासमोरच उसवायला बसली. बाबा लोकरीचा गुंडा धरायला पुढं झाले. एका हातानं गुंडाळता येत नाही म्हणून गुंडा मांडीवर ठेवून नुसता फिरवत राहिले. मग रोज सकाळी विचारायला लागले, "कुठवर आलं?" तिनं सांगितलं की मान हलवायचे. तिनं विणकाम खिडकीत नेलं, जिथं ती दुसऱ्या कुणाचं काम कधीच नेत नाही, आणि बाबांची खुर्चीही तिथंच राहिली.

ज्या दिवशी स्वेटर पुरा झाला, त्या दिवशी बाबा तो काखोटीला मारून आपल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं.

आम्ही तिघं बैठकीत. आतून काठी पडल्याचा आवाज आला. दादा उठला, वहिनीनं त्याचा शर्ट धरून त्याला खाली बसवलं. मग काही नाही. मग काहीतरी घासल्यासारखं, भिंतीला टेकल्यासारखं. मग बाबांची एक शिवी, चांगली सणसणीत, लिफ्टच्या पोकळीतली. दादा पुन्हा उठला, पुन्हा खाली. चहा पुढ्यात गार झाला. मला वाटत होतं, आता ते दार उघडतील आणि स्वेटर बाहेर फेकतील, आणि मग आपण काय करायचं? वहिनी दाराकडं बघत नव्हती. मांडीवर हात ठेवून, हातांकडं बघत बसली होती. विणत नव्हती.

दार उघडलं. बाबा उभे होते, स्वेटर घालून. दोन्ही बाह्या जागच्या जागी, एक बटण लावलेलं, ते मधलं. कपाळावर घाम होता. त्यांनी आमच्या तिघांकडं बघितलं. दादा तर सरळ रडत होता.

बाबा काठी टेकत वहिनीपर्यंत आले. "सूनबाई, एक राहिलं."

"काय?"

"खिसा." ते थांबले. मग उजव्या हातानं त्यांनी डावा हात मनगटाला धरून उचलला, आम्हा सगळ्यांसमोर, आणि तिच्यापुढं केला. "हा लोंबतो. चालताना इकडं तिकडं आपटतो. याला ठेवायला जागा कर."

वहिनीनं माझ्या गळ्यातली मोजपट्टी काढून घेतली, बाबांचा डावा हात आपल्या तळहातावर घेतला, आणि मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत मापलं. मग आडवं मापलं. मग एकेक बोट सरळ केलं आणि पुन्हा एकदा मापलं, आणि बाबा मान न वळवता, तिचं मापून होईपर्यंत तिथंच उभे राहिले.